कांदळवनातील वनस्पती आणि नवीन औषधांचा शोध : एक द्रव्यगुणविषयक विचार

डहाणूपासून तेरेखोलपर्यंत आणि पुढे गोव्याच्या मांडवी-झुआरीच्या मुखांपर्यंत, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील चिखलात तिवर, कांदळ, चिप्पी, मरांडी, काजळा, गेवा यांची वने उभी आहेत. भारतीय वनसर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशात कांदळवनांचे क्षेत्र ४,९९२ चौ. कि. मी. असून त्यांपैकी ३२४ चौ. कि. मी. महाराष्ट्रात आहे. ऑगस्ट २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीस राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित केले. कोकणातील वैद्याच्या दारापासून ही वने अनेकदा हाकेच्या अंतरावर असतात. तरीही आपले निघंटू उघडून यांतील खऱ्या कांदळवृक्षांचा शोध घेतला असता हाती फारच थोडे लागते. दुसरीकडे, गेल्या चार दशकांत जगभरच्या प्रयोगशाळांनी याच वृक्षांतून शेकडो घटकद्रव्ये विलग केली आहेत आणि त्यांविषयीची उत्साही वृत्ते आपल्या रुग्णांपर्यंतही पोहोचू लागली आहेत. शास्त्र मौन आहे आणि प्रयोगशाळा बोलकी आहे, अशा स्थितीत चिकित्सकाने आणि औषधनिर्मात्याने कोणती भूमिका घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ऊषर भूमीचा निषेध

निघंटूंच्या मौनाचे कारण केवळ ग्रंथकार समुद्रापासून दूर राहत होते, एवढेच असेल असे आम्हांस वाटत नाही. औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी याविषयी संहितांचे नियम स्पष्ट आहेत. सुश्रुतांच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात प्रशस्त भूमीच्या लक्षणांत ती 'अनूषर' असावी, म्हणजे खारट नसावी, असे सांगितले आहे. चरकांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात औषधिग्रहणास अयोग्य अशा स्थानांत स्मशान, वारूळ, खळगे यांच्याबरोबर ऊषराचीही गणना केली आहे. कांदळवनाची भूमी ही तर ऊषर भूमीची पराकाष्ठाच होय. दिवसातून दोनदा खारे पाणी येते, चिखलात प्राणवायूचा अभाव असतो आणि गंधकयुक्त वायूंचा दर्प येत असतो. अशा भूमीतील वनस्पतींना मूळ ग्रंथांत स्थान न मिळणे हे नियमाला धरूनच झाले.

या नियमामागील व्यावहारिक शहाणपण आज अधिकच पटते. खाडीचा गाळ हा वरून वाहत येणाऱ्या सर्व मलांचे विसाव्याचे ठिकाण असतो. ठाणे खाडी, माहीम, उल्हास नदीचे मुख येथील गाळात शिसे, पारद, कॅडमियम यांसारख्या जड धातूंचा संचय झाल्याचे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने वनस्पतिज द्रव्यांसाठी शिसे १० पी.पी.एम., आर्सेनिक ३, पारद १ आणि कॅडमियम ०.३ पी.पी.एम. अशा मर्यादा घालून दिल्या आहेत. औद्योगिक खाडीतून आणलेला कच्चा माल या कसोटीला उतरेल, असे तपासणीविना कोणीही गृहीत धरू नये.

मात्र निषिद्ध भूमी म्हणजे निरुपयोगी वनस्पती, असाही अर्थ काढता येत नाही. जगातील कोणतेही द्रव्य युक्तीने आणि प्रयोजनाने योजल्यास अनौषध नाही, हा चरकांचाच सिद्धांत आहे. शिवाय गुराखी, मेंढपाळ, वनवासी यांना औषधी नावाने आणि रूपाने माहीत असतात, हेही त्यांनी मान्य केले आहे. कोकणापुरते बोलावयाचे तर या यादीत कोळी, आगरी आणि खारवी यांची नावे आपण घातली पाहिजेत.

तिवर म्हणजे तुवरक काय?

कांदळवनाविषयी संहितांत खरोखर काहीच नाही काय, असा प्रश्न निघाला की एक नाव हटकून पुढे येते, ते तुवरकाचे. सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या तेराव्या, मधुमेहचिकित्सिताच्या, अध्यायात तुवरककल्प सांगितला आहे. या वृक्षाचे स्थान त्यांनी पश्चिम समुद्रालगत सांगितले असून लाटांवरून येणाऱ्या वाऱ्याचाही उल्लेख केला आहे. हे वर्णन वाचून कोकणातील वाचकाच्या डोळ्यांसमोर तिवर उभा राहिला तर नवल नाही. त्यातच काही आधुनिक वनौषधिग्रंथांनी तिवरास, म्हणजे अ‍ॅव्हिसेनियास, 'तुवर' असे संस्कृत नाव दिल्याने हा समज दृढ झाला आहे. नावे जवळची, किनारा तोच. मग शंका कशाला?

शंका येते ती पुढील विधी वाचल्यावर. सुश्रुत सांगतात की वर्षाऋतूत फळे गोळा करावीत, त्यांतील मज्जा काढून वाळवावी, कुटावी आणि तिळाप्रमाणे तिचे तेल काढावे. ते तेल अग्नीवर ठेवून जलांश नाहीसा करावा आणि पंधरा दिवस शेणाच्या गोवरीच्या चुऱ्यात ठेवावे. ही कृती तैलबीजाची आहे. तिवराचे फळ फोडून पाहिले असता आत मांसल, हिरवट, दुमडलेली बीजपत्रे आणि झाडावर असतानाच अंकुरू लागलेला गर्भ दिसतो. त्यात पिष्टांश आहे, कडवटपणा आहे. पण घाण्यात घालून तेल काढावे असे काही नाही. याउलट कडू कवठ, म्हणजे हिड्नोकार्पस पेंटँड्रा, हा सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आणि कोकणात ओढ्याकाठी आढळणारा वृक्ष असून त्याच्या बियांत भरपूर तेल असते. कुष्ठावर त्या तेलाचा उपयोग विसाव्या शतकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर होत होता. सुश्रुतांचे तुवरक ते हेच, असे बहुसंख्य द्रव्यगुणज्ञ मानतात आणि आमचेही मत तेच आहे.

मग तिवरास तुवर नाव का पडले असावे? अमरकोशात 'तुवर' हा शब्द कषाय रसाचा पर्याय म्हणून आला आहे. तिवराची साल कषाय आहे आणि चामडे कमावण्यास तिचा उपयोग होत असे. तेव्हा एकाच विशेषणावरून दोन वेगळ्या वृक्षांना जवळची नावे मिळाली असावीत, असा आमचा तर्क आहे. तर्क काहीही असो, तुवरकाची मागणी नोंदवून तिवराची फळे स्वीकारणारी रसशाळा शास्त्रोक्त तेल कधीच बनवू शकणार नाही, एवढे निश्चित.

तिवराचे स्वतःचे उपयोग मात्र लोकव्यवहारात आहेत. कच्च्या फळांचे पोटीस गळू लवकर पिकण्यासाठी बांधतात, अशी नोंद जुन्या वनौषधिकोशांत आढळते. व्रणशोथावरील पाचन उपनाहाचाच हा प्रकार होय. लिनियसने या वंशाला अ‍ॅव्हिसेनिया हे नाव इब्न सीना या युनानी वैद्यकाच्या महापंडिताच्या स्मरणार्थ दिले. त्याच्या साली-मुळांतून पुढे नॅफ्थोक्विनोन वर्गातील द्रव्ये विलग झाली.

मरांडी

आमच्या मते कांदळवनातील सर्वांत विचारार्ह वनस्पती मरांडी, म्हणजे अ‍ॅकँथस इलिसिफोलियस, ही होय. कमरेएवढे वाढणारे, काटेरी कडांच्या चकचकीत पानांचे आणि निळ्या-जांभळ्या फुलांचे हे झुडूप खाडीच्या बांधावर सहज ओळखू येते. हे वासाकुलातील, अर्थात अडुळशाच्याच कुळातील आहे. काट्यांमुळे आणि कुलसाम्यामुळे ते कोरांट्याच्या नावाखाली खपविले जाण्याचा संभव आहे. सहचराच्या पाठात त्याचा समावेश करण्यास कोणताही आधार नाही.

डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांचा 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात मरांडीचे दोन प्रादेशिक उपयोग नोंदलेले आहेत. कोकणात आंबट ढेकरांसह होणाऱ्या अजीर्णात वनस्पतीचा काढा खडीसाखर आणि जिरे घालून देतात. गोव्यात बुळबुळीत पाने संधिवात आणि नाडीशूल यांत शेकण्यासाठी वापरतात. पैकी दुसरा उपयोग समजण्यास सोपा आहे. तो स्निग्ध-पिच्छिल द्रव्याने केलेला वातहर स्वेद आहे. पहिला मात्र थांबून विचार करायला लावतो.

मरांडीच्या पानांवर क्षारग्रंथी असतात. मुळावाटे आलेले जादा मीठ ती पानांच्या पृष्ठभागावर टाकते आणि उन्हाळ्यात पानावर स्फटिक चमकताना दिसतात. लवण रस पित्तकर. मग विदग्धाजीर्णात आणि अम्लपित्तसदृश अवस्थेत हे द्रव्य उपयोगी कसे? आम्हांस असे वाटते की पृष्ठभागावरील मीठ हा त्या द्रव्याचा रस मानता येणार नाही, ते त्याचे उत्सर्जन आहे. पान धुतले, किंवा पावसाळ्यात घेतले, तर आतील पिच्छिलता आणि कषायता प्रधान होतात. खडीसाखर मधुर-शीत आहे, जिरे दीपन-पाचन आहे. काढा देणाऱ्या अनाम कोकणी वैद्याने ही योजना विचारपूर्वक केली असावी. पण त्यातून प्रश्नही निर्माण होतात. कोणत्या ऋतूतील पान? धुतलेले की तसेच? मूळ की पंचांग? ग्रंथात याचे उत्तर नाही. ते खाडीकाठच्या एखाद्या वृद्धेला ठाऊक असू शकेल. मधुमेहाबरोबर रक्तदाब असलेल्या आजच्या रुग्णाच्या दृष्टीने न धुतलेल्या पानांच्या चूर्णातील मीठ ही क्षुल्लक बाब नव्हे.

आधुनिक संशोधनात मरांडीतून २-बेंझॉक्झॅझोलिनोन हे द्रव्य आणि काही अल्कलॉइडे मिळाली आहेत. केरळातील त्रिशूरच्या अमला कर्करोग संशोधन केंद्रातील संशोधकांनी २००१ मध्ये, कार्बन टेट्राक्लोराइडने यकृतास इजा केलेल्या उंदरांत तिच्या पानांच्या अर्काने यकृताचे रक्षण झाल्याचे प्रसिद्ध केले. निष्कर्ष आशादायक आहे. परंतु तो उंदरांतील, मद्यार्कातील अर्काचा आणि एका विशिष्ट विषाविरुद्धचा आहे. त्यावरून कामलेच्या रुग्णास मरांडीचा काढा सुरू करणे म्हणजे मधल्या चार पायऱ्या गाळणे होय.

गेवा आणि दृष्टीचा धोका

गेवा (काही ठिकाणी हुरी किंवा फुंगळी), म्हणजे एक्सोकेरिया अगॅलोचा, हा एरंडकुलातील क्षीरी वृक्ष आहे. त्याचे वंशनाम लॅटिनमधील 'आंधळे करणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आले आहे, आणि ते यथार्थ आहे. त्याचा चीक डोळ्यात गेल्यास तीव्र दाह होऊन काही काळ दृष्टी जाते; त्वचेवर फोड येतात. त्याचे जातिनाम अगरूच्या पाश्चात्त्य नावावरून पडले आहे आणि ते जुन्या गल्लतीचे फलित आहे. गेव्याचे लाकूड अगरू नव्हे, हे कच्चा माल घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

याच गेव्यातून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी १९९५ मध्ये एक फॉर्बॉल एस्टर विलग केला आणि परीक्षानलिकेत तो एच.आय.व्ही. विषाणूस रोखतो असे दाखविले. वृत्त ऐकून मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु फॉर्बॉल एस्टर हा वर्ग दाहजनक म्हणून प्रसिद्ध असून त्यांतील काही द्रव्ये अर्बुदाच्या वाढीस चालना देतात. एकाच वृक्षात विषाणुरोधी गुण आणि अर्बुदवर्धनाची भीती यांचा असा सहवास आहे. तीक्ष्ण विषही युक्तीने औषध होते हे खरे. पण येथे ती युक्ती अद्याप कोणाच्या हाती आलेली नाही. गेव्याचा चीक दुर्धर व्रणांवर किंवा दातदुखीवर लावण्याचे लोकप्रयोग आहेत. आमच्या मते चिकित्सकाने त्यांची नोंद घ्यावी, अनुकरण करू नये. चीक डोळ्यात गेल्याचा रुग्ण आलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुऊन त्यास तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

प्रयोगशाळेतील वृत्ते कशी वाचावीत

तमिळनाडूतील परंगीपेट्टै येथील सागरी जीवशास्त्र केंद्राने कांदळवनस्पतींच्या विषाणुरोधी गुणांचा मोठा अभ्यास केला. जपानी संशोधकांच्या सहकार्याने १९९९ मध्ये ऱ्हायझोफोरा एपिक्युलाटा या कांदळाच्या पानांतील बहुशर्करेचा एच.आय.व्ही.विरोधी परिणाम प्रसिद्ध झाला. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेच्या पुढाकाराने चाललेल्या सागरी औषधांच्या राष्ट्रीय प्रकल्पात झायलोकार्पस वंशातील फळांचा मधुमेहाच्या दृष्टीने अभ्यास झाला. हा वंश निंबकुलातील आहे आणि त्यात निंबातील द्रव्यांशी नाते सांगणारी लिमोनॉइडे आहेत. एवढे होऊनही कांदळवृक्षापासून बनलेले, मानवी चाचण्यांतून पार पडलेले औषध आपल्या फळीवर आलेले नाही.

यामागे एक कारण असे आहे की ज्याची चर्चा फारशी होत नाही. कांदळांच्या साली टॅनिनांनी ओतप्रोत भरलेल्या असतात. मच्छीमार आपली सुती जाळी रंगविण्यास आणि टिकाऊ करण्यास अशा साली वापरीत. टॅनिन प्रथिनांना चिकटते. परीक्षानलिकेत एखाद्या जीवाणूवर, विषाणूवर किंवा एन्झाइमवर असा अर्क टाकला की तो बहुधा 'परिणामकारक' ठरतोच, कारण त्यातील टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला बांधते. पोटात गेल्यावर ते अन्नातील प्रथिनांना बांधून तेथेच अडकते. तेव्हा एखादा शोधनिबंध हाती आला की टॅनिन आणि मीठ काढून टाकल्यावरही परिणाम टिकला काय, हे प्रथम पाहावे. नुसत्या कषाय रसाच्या स्तंभनकर्माला नवा शोध समजण्याची चूक त्यामुळे टळेल.

कांदळवनाशी संबंधित असे एक खरोखर मान्यताप्राप्त औषध मात्र आहे, आणि गंमत अशी की ते वनस्पतीपासून आलेलेच नाही. कॅरिबियन समुद्रात कांदळांच्या पाण्यातील मुळांवर एक्टिनॅसिडिया टर्बिनाटा नावाचा पिशवीसारखा जीव समूहाने वाढतो. त्याच्या अर्काचा कर्करोगविरोधी परिणाम १९६९ मध्ये दिसला. घटकद्रव्याची रचना १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. ट्रॅबेक्टेडिन या नावाने मांसार्बुदाच्या काही प्रकारांवर त्यास युरोपात २००७ मध्ये आणि अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे पहिल्या खुणेपासून औषधापर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे. एक टन जीवांपासून जेमतेम एक ग्रॅम द्रव्य मिळत असे, म्हणून अखेर एका जीवाणूपासून मिळणाऱ्या पूर्वद्रव्याचा आधार घेऊन ते कारखान्यात बनवावे लागले. मूळ द्रव्य तरी त्या प्राण्याचे कोठे? ते त्याच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म जीवाणूचे निघाले. हल्लीच्या संशोधनाचा ओढा म्हणूनच कांदळांच्या ऊतींत वसणाऱ्या बुरशींकडे आणि स्ट्रेप्टोमायसिससारख्या जीवाणूंकडे आहे. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही, मूठभर नमुना पुरतो.

औषधनिर्मात्यांसाठी

येथे फार्मसीमालकांनी काही गोष्टी स्पष्ट समजून घ्याव्यात. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार आयुर्वेदिक पेटंट वा प्रोप्रायटरी औषधात पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांत आलेल्या योगांतील द्रव्येच घालता येतात. मरांडी किंवा चिप्पी यांसारखे अनुक्त द्रव्य लेबलवर 'आयुर्वेदिक' म्हणून छापावयाचे तर आधी हा ग्रंथाधार दाखवावा लागेल. तो नसेल तर मार्ग उरतो तो ३० नोव्हेंबर २०१५ च्या अधिसूचनेने आलेल्या फायटोफार्मास्युटिकल वर्गाचा. त्यात किमान चार सक्रिय घटकांचे प्रमाणीकरण, सुरक्षिततेची माहिती आणि चिकित्सकीय चाचण्या अपेक्षित आहेत. लहान रसशाळेला हा खर्च एकट्याने पेलणारा नाही.

कच्च्या मालाचा प्रश्न याहून कठीण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभरातील कांदळवनांच्या नाशास, मग जमीन कोणाचीही असो, मनाई केली आणि भोवती पन्नास मीटरचा संरक्षक पट्टा राखण्यास सांगितले. त्यामुळे 'खाडीतून हवा तेवढा माल आणून देतो' असे सांगणाऱ्या पुरवठादाराकडे वनविभागाची लेखी परवानगी मागावी. ती नसेल तर व्यवहार करू नये. जैवविविधता अधिनियमातील २०२३ च्या दुरुस्तीने वैद्यांना आणि ग्रंथबद्ध ज्ञानाच्या उपयोगाला काही सवलती दिल्या आहेत. परंतु जे ज्ञान ग्रंथात नाही, केवळ कोळीवाड्यात आहे, ते या सवलतीत बसविता येईल असे आम्हांस वाटत नाही. त्या लोकांचा वाटा हा प्रश्न राहतोच. सामोआ बेटावरील वैदू स्त्रिया कावीळसदृश विकारात एका एरंडकुलीन वृक्षाची साल देत असत. तिच्यातून प्रोस्ट्रॅटिन हे द्रव्य निघाले, आणि संभाव्य नफ्यातील वीस टक्के वाटा सामोआला देण्याचा करार २००१ मध्ये झाला. आपल्याकडेही असे करार आधी व्हावेत, मग अर्क काढावेत.

तोवर खाडीकाठच्या ज्या वनस्पतींना ग्रंथाधार आहे त्यांच्याकडे लक्ष देणे अधिक फलदायी होईल. करंज, पारिष, पीलु, लताकरंज (सागरगोटा) हे सर्व कांदळवनाचे शेजारी आहेत आणि त्यांची रोपवाटिका करता येते. समुद्रफळाच्या बाबतीत मात्र बाजारात बॅरिंगटोनियाच्या दोन जातींची सरमिसळ होते, तेव्हा निचुलाची खात्री करूनच खरेदी करावी.

किनारी तालुक्यांतील वैद्यांना आमची एक विशेष विनंती आहे. मरांडी, तिवर, काजळा यांचा कोणी घरगुती उपयोग सांगितला तर तो सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा : स्थानिक नाव, घेतलेला भाग, महिना, भरतीची वेळ पाहून घेतात काय, धुतात काय, मात्रा, अनुपान, आणि कोणाला देत नाहीत. सांगणाऱ्याची अनुमती घ्यावी आणि त्याचे नाव स्वतंत्र वहीत ठेवावे. फांदी न तोडता पान, फूल, फळ, साल आणि मुळे यांची वेगवेगळी छायाचित्रे घ्यावीत. मरांडी फुलावर असताना घेतल्यास ओळख पक्की होते. छायाचित्रांवरून निश्चिती न झाल्यास पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र किंवा आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे विचारणा करावी, आणि नमुना पाठवावाच लागला तर त्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी.